जुन्या वखारीचे बालसंग्रहालय करताना: वाढीव बांधकाम आणि मजबुतीकरणाची वाट

निपाणीतील तंबाखूची एक जुनी वखार आमच्या न्यासाने बालसंग्रहालयासाठी घेतली, तेव्हा आमच्याकडे दालनांची रंगीत चित्रे होती, खेळण्यांची यादी होती आणि उद्घाटनाचा महिनाही ठरलेला होता. भिंतीचा पाया किती खोल आहे, हे मात्र आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. पुढच्या तीन वर्षांत जे शिकावे लागले, ते निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यात असेच काम हाती घेणाऱ्यांना आधीच मिळावे, म्हणून हे लिहीत आहे. मी अभियंता नाही. न्यासाच्या वतीने कामावर रोज उभे राहण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. त्यामुळे येथे गणिते कमी आणि अभियंत्याला विचारायचे प्रश्न जास्त सापडतील.

१. मुलांचा भार आधी समजून घ्या

"या वखारीने शेकडो बोद पेलले, तिला मुलांचे काय ओझे होणार?" हे वाक्य आम्ही निदान दहा जणांकडून ऐकले आणि सुरुवातीला आम्हालाही ते पटले होते. पण बोद (तंबाखूचे मोठे गठ्ठे) तळमजल्यावर, म्हणजे थेट जमिनीवर रचलेले असत. त्यांचा भार भिंतींनी किंवा तुळयांनी कधी घेतलाच नव्हता. वरच्या लाकडी माळ्यावर गोणपाट, दोर आणि रिकामी पोती एवढेच सामान राहत होते. आपण त्याच माळ्यावर चाळीस मुलांचा वर्ग नेणार असू, तर जुन्या ओझ्याचा दाखला उपयोगाचा नाही.

भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात कोणत्या वापरासाठी मजल्यावर किती भार धरावा हे दिलेले आहे. राहत्या खोलीसाठी तो दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो आहे. शाळेच्या वर्गासाठी ३, तर संग्रहालयाच्या दालनासाठी ४ किलोन्यूटन धरतात. जेथे पक्की आसने नसतात आणि माणसे दाटीने उभी राहतात अशा सभागृहासाठी ५ किलोन्यूटन धरावे लागतात. बालसंग्रहालयात सहलीची एक पूर्ण बस एकाच खेळण्याभोवती गोळा होते, म्हणून आमच्या अभियंत्यांनी मोकळ्या खेळदालनांसाठी ५ चा आकडा धरला. तुमच्या अभियंत्यांनी कोणता आकडा धरला आणि का, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. राहत्या घराचा आराखडा थोडा बदलून दिला जात असेल, तर ते याच एका प्रश्नातून उघड होते.

दुसरी गोष्ट उड्यांची. मुले एका तालावर उड्या मारतात तेव्हा सेकंदाला साधारण दोन ते तीन उड्या पडतात. लांब गाळ्याचा (दोन आधारांमधील जास्त अंतराचा) हलका लोखंडी माळा याच गतीच्या जवळपास थरथरणारा असेल, तर दर उडीबरोबर त्याचे हेलकावे वाढत जातात. मजला मोडला नाही तरी तो हलतो, फरशीचे सांधे उकलतात आणि पालक घाबरतात. म्हणून मजला किती भार पेलेल हे विचारून थांबू नका. तो सेकंदाला किती वेळा कंप पावेल, हेही विचारा.

तिसरी गोष्ट कठड्याची. त्याच मानकात साध्या जिन्याच्या किंवा सज्जाच्या कठड्यासाठी दर मीटर लांबीला ०.७५ किलोन्यूटन आडवा रेटा धरला आहे, परंतु शाळा आणि गर्दीच्या करमणुकीच्या जागांसाठी तो २.२५ किलोन्यूटन, म्हणजे तिप्पट आहे. बाजारात मिळणारा स्टीलचा नळीचा कठडा, त्याच्या पायाशी दोन-दोन स्क्रू, हा या रेट्यासमोर टिकत नाही. उभ्या गजांमधील अंतर आम्ही दहा सेंटिमीटरांपेक्षा कमी ठेवले आणि आडव्या पट्ट्या पूर्ण टाळल्या, कारण आडवी पट्टी दिसली की मूल तिला शिडी समजून चढते.

२. अभियंता कोण, हे ठरवा

वास्तुविशारद दालनांची मांडणी करतात आणि ठेकेदार बांधतो. इमारत उभी राहील की नाही याची जबाबदारी संरचना अभियंत्याची असते. तो स्वतंत्रपणे, न्यासाने नेमलेला असावा. ठेकेदाराने "आमचाच माणूस आहे, वेगळी फी नको" असे सुचवले तर नम्रपणे नकार द्या. जुन्या दगडी किंवा विटांच्या भारवाही भिंतींचे काम त्याने पूर्वी केले आहे का, हे तेथे जाऊन पाहा. नव्या आरसीसी इमारतींचा उत्तम अनुभव असलेल्या माणसालाही चुन्यातल्या भिंतीची भाषा येतेच असे नाही.

३. इमारतीची तपासणी: घाई करू नका

या टप्प्याला आम्ही चार महिने दिले आणि तो वेळ पुढे अनेक पटींनी परत मिळाला.

सुरुवात भिंतीपासून करा. आपल्या भागात पश्चिमेकडे, खानापूर आणि बेळगावच्या बाजूला, जांभ्या चिऱ्याच्या भिंती भेटतात, तर इतरत्र काळा दगड आणि भाजकी वीट. दगडी भिंत जाड असली म्हणजे मजबूत असते, हा समज किल्लारीने खोटा ठरवला. ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे आतले आणि बाहेरचे असे दोन पदर एकमेकांपासून सुटले आणि घरे आतल्या माणसांवर कोसळली. त्या वेळच्या भूकंप नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आपले बेळगाव २०१६ च्या आयएस १८९३ या भूकंपविषयक मानकात तिसऱ्या विभागात आहे, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या धक्क्याची आठवण या भागातल्या वडीलधाऱ्यांना आजही आहे. शाळा आणि मोठी सभागृहे यांसाठी हेच मानक महत्त्व-गुणक १.५ धरायला सांगते, म्हणजे साध्या घराच्या दीडपट भूकंपबल. बालसंग्रहालयही त्याच वर्गात धरायला लावा.

भिंतीचे दोन पदर जोडणारे आरपार दगड आहेत का, हे पाहण्यासाठी दोन-तीन ठिकाणी गिलावा काढून खिडकीच्या बगलेत आत डोकवा. आमच्या भिंतीत ते दगड नव्हते, आणि मधल्या पोकळीत भरलेली माती बोटाने उकरून निघत होती. उपाय उपलब्ध आहे: ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून त्यांत आकडा वळवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचे, शिवाय दरवाजाच्या माथ्याच्या पातळीवर भिंतीच्या दोन्ही बाजूंनी जाळीचा पट्टा फिरवायचा. आयएस १३९३५ मध्ये ही पद्धत आहे. भिंत चुन्यातली असेल तर वरून सिमेंटचा गिलावा मारू नका. ओल आतच कोंडते आणि चिरा मऊ पडतो.

लाकडाच्या तुळया मध्यभागी कितीही ठणठणीत दिसल्या, तरी भिंतीत गेलेली त्यांची टोके तपासलीच पाहिजेत. आमच्या सुतारांनी एक जाड स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि प्रत्येक तुळईच्या टोकाशी दाबून पाहिला. सागवानाच्या एका तुळईत तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेरून रंग शाबूत होता, आत वाळवीची भुकटी होती.

नंतर जोडलेला आरसीसी भाग असेल, तर तेथे हातोडी चाचणी आणि ध्वनिलहरींची चाचणी करतात, परंतु केवळ त्यांवर निर्णय घेऊ नका. काँक्रीटचे गाभे, म्हणजे यंत्राने कापलेले दंडगोल तुकडे, काढून दाबून पाहणे हाच भरवशाचा मार्ग. आयएस ४५६ प्रमाणे निदान तीन गाभे लागतात. त्यांची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के तरी हवी आणि एकही गाभा ७५ टक्क्यांच्या खाली नको. गाभा काढल्यावर ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण शिंपडतात. काँक्रीट गुलाबी झाले तर त्याचा क्षारपणा शिल्लक आहे. रंग आला नाही आणि तो बिनरंगी पट्टा सळईपर्यंत पोहोचलेला असेल, तर सळई गंजण्याची वाट मोकळी झाली आहे. हा रंग आम्ही सर्व विश्वस्तांना समोर उभे करून दाखवला. त्यानंतर जॅकेटिंगच्या, म्हणजे जुन्या काँक्रीटभोवती नवे आवरण चढवण्याच्या, खर्चावर वाद झाला नाही. बेळगावातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांकडे अशा चाचण्यांची चौकशी करता येते.

४. जमीन आणि पाया

वाढीव बांधकामाचे खरे दुखणे येथे असते. बेळगाव शहर आणि खानापूरकडे तांबडी, जांभ्याची जमीन भेटते, पण चिकोडी, गोकाक, बैलहोंगलकडे जाल तसतशी काळी माती वाढत जाते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. तिच्यावर उथळ पाया घातला तर इमारत दरवर्षी वरखाली होते. नवा भाग हलतो, जुना भाग शंभर पावसाळ्यांनंतर बसलेला असतो, आणि दोघांच्या मधोमध भेग पडते.

उपाय दोन प्रकारचे आहेत. एक म्हणजे ओलाव्याचा फेरबदल जेथे पोहोचत नाही अशा खोलीपर्यंत, बहुधा साडेतीन मीटरच्या आसपास, खाली फुगा असलेल्या अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, घालणे. दुसरा म्हणजे काळी माती काढून तेथे न फुगणाऱ्या पण चिकट मुरमाचा साधारण मीटरभर जाड थर दाबून बसवणे. ही दुसरी पद्धत प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी विकसित केली आणि ती मलप्रभेच्या कालव्यांवर वापरली गेली. आपल्याच खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणाऱ्या नदीवर ती सिद्ध झाली, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. कोणती पद्धत घ्यायची, हे माती परीक्षणाशिवाय ठरवू नका. निदान दोन ठिकाणी बोअर घ्या आणि त्यांतला एक जुन्या भिंतीजवळ असू द्या.

नदीकाठचा भूखंड असेल तर २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कोठपर्यंत आले होते, हे शेजाऱ्यांना विचारून भिंतीवर खूण करून घ्या. त्या दोन्ही वर्षी वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले होते. प्लिंथची, म्हणजे जोत्याची, उंची त्या खुणेवरून ठरवा.

आता आमच्याकडून झालेली चूक. नव्या दालनाचा पाया जुन्या पश्चिम भिंतीला लागून होता. अभियंत्यांनी आराखड्यावर स्पष्ट लिहिले होते की चर एक-एक मीटरच्या तुकड्यांत, एक सोडून एक असा खणावा, आणि जुन्या पायाच्या तळाखाली आधाराशिवाय जाऊ नये. अभियंते दोन दिवस परगावी होते, मीही कामावर नव्हतो. ठेकेदाराने वेळ वाचवण्यासाठी जेसीबी लावून अकरा मीटरचा चर एका दिवसात सलग खणला. मे महिना होता. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि चर पाण्याने भरला. सकाळी भिंतीच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून वर छपराकडे तिरपी भेग गेलेली होती, केसापेक्षा थोडी जाड.

अभियंत्यांनी त्या दिवशी जे केले, ते तुमच्याही उपयोगी पडेल. पाणी उपसण्याआधी भिंतीला तिरपे टेके दिले. चर पातळ काँक्रीटने तळापासून भरून घेतला. मग भेगेवर तीन ठिकाणी काचेच्या पातळ पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसने आडव्या चिकटवल्या आणि प्रत्येकीवर तारीख लिहिली. भेग रुंदावत असेल तर काच तडकते. तिसऱ्या दिवशी सकाळी मधली पट्टी तडकलेली मिळाली, तेव्हा पोटात गोळा आला. टेके वाढवले, नवी पट्टी लावली, आणि त्यानंतर दोन महिने ती अखंड राहिली. भेग थांबल्याची खात्री झाल्यावरच तिच्यात चुन्याचे पातळ द्रावण दाबाने भरले. या प्रकरणात दोन महिन्यांहून जास्त काळ गेला. म्हणून कंत्राटातच लिहून घ्या: जुन्या भिंतीपासून दोन मीटरच्या आत यंत्राने खोदकाम करायचे नाही आणि अभियंत्याच्या सहीशिवाय चर उघडायचा नाही.

५. जुने आणि नवे वेगळे ठेवा

नवे दालन जुन्या भिंतीला घट्ट जोडावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे करू नका. भूकंपात जड दगडी इमारत आणि लवचिक आरसीसी सांगाडा वेगवेगळ्या गतीने हलतात आणि एकमेकांवर आदळतात. आयएस ४३२६ प्रमाणे आरसीसी चौकटीच्या इमारतीसाठी दर मजल्यामागे साधारण २० मिलिमीटर मोकळी फट सोडतात. अंतिम आकडा अभियंता गणिताने देईल. ही फट खालपासून वरपर्यंत सलग मोकळी हवी. काम संपताना गवंडी सवयीने तिच्यात विटांचे तुकडे आणि माल भरतो, म्हणून तिच्यात थर्मोकोलचे पत्रे आधीच बसवून घ्या आणि वरून सरकणारी धातूची पट्टी लावा. मुलांची बोटे किंवा चाकखुर्चीचे चाक अडकणार नाही, अशी ती पट्टी असावी.

बोस्टनचे बालसंग्रहालय १९७९ पासून लोकरीच्या एका जुन्या वखारीत आहे, आणि २००७ मध्ये त्या विटांच्या इमारतीला काचेचा नवा भाग जोडला गेला. जुने जुन्यासारखे आणि नवे नव्यासारखे दिसू देण्याचा तो मार्ग मला मनापासून आवडतो, आणि मधली फट लपवण्याचा खटाटोपही त्यामुळे वाचतो.

६. भिंतीत नवी दारे पाडताना

दोन दालने जोडण्यासाठी भारवाही भिंत फोडावी लागते. क्रम कधीही बदलू नका. आधी वरच्या भिंतीतून आरपार आडव्या लोखंडी तुळया घालून त्यांच्या दोन्ही टोकांना जॅकचे टेके द्यायचे, मग एका बाजूची खाच पाडून अर्धी तुळई बसवायची, ती पक्की झाल्यावर दुसरी बाजू, आणि सगळ्यात शेवटी खालची भिंत काढायची. चिऱ्याच्या भिंतीवर हातोड्याचे घाव न घालता कटरने कापून घ्या. कोपऱ्यापासून मीटरभराच्या आत दार पाडण्याचा आग्रह वास्तुविशारदांनी धरला, तर तो सोडायला सांगा.

७. छप्पर, लोखंडी माळा आणि टांगलेली खेळणी

मंगळुरी कौलांखालची जुनी कैची (छपराची त्रिकोणी चौकट) कौलांच्या वजनासाठी आणि वाऱ्यासाठी बांधलेली असते. तिला दोराचे जाळे, झुलता पूल किंवा लटकणारा देवमासा टांगू नका. पंचवीस किलोची वीस मुले जाळ्यात चढली तर पाचशे किलो झाले. ती उसळली की क्षणभराचा ओढा त्याच्या दुप्पट-तिप्पट होतो. आमचे चढायचे जाळे स्वतःच्या चार लोखंडी खांबांवर, स्वतःच्या पायावर उभे आहे आणि छपराला कोठेही स्पर्श करत नाही.

लोखंडी कामासाठी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुशल कारागीर आहेत. तरीही यंत्राचे भाग बनवणे आणि माणसे पेलणारी चौकट जोडणे यांत फरक आहे, म्हणून पोलादाचे चाचणी प्रमाणपत्र आणि वेल्डिंगची तपासणी मागा. काँक्रीटमध्ये रसायनाने बसवलेले बोल्ट असतील, तर त्यांतील काही ओढून पाहण्याची चाचणी अभियंत्यासमोर करून घ्या.

८. परवानग्या आणि कागदपत्रे

वखारीचे संग्रहालय करणे म्हणजे वापर बदलणे होय, त्यामुळे फक्त दुरुस्तीची परवानगी पुरत नाही. पुढील कागद सुरुवातीलाच जमवा:

- सिटी सर्व्हे उतारा आणि खाते उतारा. ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तु या ऑनलाइन मालमत्ता-नोंदीचे नमुने
- न्यासाची नोंदणी आणि बांधकामाचा ठराव
- माती परीक्षण, इमारत तपासणी आणि गाभ्यांच्या चाचणीचे अहवाल
- संरचना अभियंत्याच्या सहीचे नकाशे आणि भारगणना
- अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला
- वाढीव वीजभारासाठी हेस्कॉम या वीज वितरण कंपनीकडे केलेला अर्ज

एक सापळा आपल्याच भागातला आहे. उतारा आणि अर्ज कानडीत असतात, न्यासाची घटना मराठीत असते, आणि न्यासाचे नाव दोन्हीकडे वेगवेगळे लिहिलेले निघते. एका अक्षराच्या फरकाने आमची फाइल सात आठवडे थांबली. कानडी चांगले जाणणारा माणूस पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, नावे आणि क्षेत्रफळ सगळीकडे ताडून पाहा आणि प्रत्येक कानडी पत्राचा मराठी अनुवाद विश्वस्तांसाठी फाइलला लावा.

जागा बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीसारख्या केंद्र संरक्षित स्मारकाजवळ असेल, तर १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी घ्यावी लागते. हे अंतर जागा घेण्यापूर्वी मोजा.

९. कामाचा क्रम आणि पावसाळा

पाया आणि छप्पर ही दोन्ही कामे दिवाळीनंतर सुरू करून मेच्या मध्यापूर्वी आटोपतील असे वेळापत्रक करा. जुने छप्पर एकदम उघडे टाकू नका. एक गाळा पूर्ण झाकल्यावर दुसरा उघडा.

सेंट्रिंग, म्हणजे ओल्या काँक्रीटखालचा तात्पुरता साचा आणि टेके, काढण्याची घाई ही नेहमीची तक्रार. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेके निदान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवावे लागतात. सहा मीटरपर्यंतच्या बीमखाली १४ आणि त्यापुढे २१ दिवस. या तारखा खडूने टेक्यांवरच लिहून ठेवा. काम चालू असताना संग्रहालयाचा एखादा भाग मुलांसाठी उघडा ठेवण्याचा मोह होतो. पक्की भिंत आणि वेगळे प्रवेशद्वार असल्याशिवाय तो टाळा.

१०. उघडल्यानंतर

प्रत्येक दालनाच्या दारावर एका वेळी किती मुले आत जातील याची पाटी लावा. तो आकडा अभियंत्याच्या भारगणनेतून घ्या आणि सहलीच्या शिक्षकांना नोंदणीच्या वेळीच कळवा. दरवर्षी मृगाच्या आधी पन्हाळी, तुळयांची टोके, कठड्यांचे बोल्ट, जाळ्याच्या गाठी आणि जुन्या-नव्या भागांमधली फट तपासून नोंदवहीत तारखेसह लिहा. जुन्या भेगांवर काचेच्या पट्ट्या कायम ठेवा आणि एखादी तडकली तर त्या भिंतीलगतचे दालन त्याच दिवशी बंद करून अभियंत्याला बोलवा.